भंडारदऱ्याभोवती चाळीस किलोमीटर, अख्खा दिवस

आमच्या घरात भंडारदरा हा फिरायला जायच्या जागेचा शब्द कधीच नव्हता. तो पाण्याचा शब्द. धरण किती भरलं, आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी, कधी सुटणार, आपल्या चारीची, शेताकडे येणाऱ्या छोट्या पाटाची, पाळी कितव्या दिवशी. राहात्याजवळची आमची जमीन याच धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रवरा नदीच्या पाटावर. तीन पिढ्या या पाण्यावर जगल्या आणि दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पंचाहत्तरी आली तरी घरातल्या कुणी धरण पाहिलेलं नव्हतं. मला ते लागून राहिलं होतं. मागच्या ऑक्टोबरात दादा, आई, बायको आणि दोन्ही पोरांना घेऊन निघालो.

संगमनेर, अकोले, मग राजूरचे पेढे. संध्याकाळी शेंडीत मुक्काम. सकाळी उठून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता धरला. चाळीसेक किलोमीटरचा आहे. लोक तो दोन तासांत उरकतात, एकेका पॉइंटला फोटो काढून गाडीत बसतात. माझं स्पष्ट मत आहे, म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना घेऊन आलात तर या रस्त्याला अख्खा दिवस द्या. आम्ही दिला. जिथे दादा "थांब" म्हणाले तिथे थांबलो.

पहिल्यांदा ते म्हणाले धरणाची भिंत दिसल्यावर. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं, सगळी भिंत दगडी. अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी, हा आकडा दादांना तोंडपाठ. पण ते पाणी डोंगरामागे वळत वळत जाताना पाहिलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "आपला ऊस इथून निघतो."

मुतखेलच्या पुढे दोन्ही बाजूंनी भातखाचरं पिवळी पडायला लागली होती. पलीकडे कळसूबाईचं टोक, १६४६ मीटर, ढगातून एकदा दिसलं आणि गेलं. धाकटी तेवढ्यासाठी अर्धा तास बांधावर बसून राहिली. तिला कुणी उठवलं नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडातलं, बारीक कोरीवकामाचं, शेजारी पुष्करणी आणि मागे रतनगड. प्रवरेचा उगम इथलाच. तीच पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन कालव्यांत शिरते आणि उरलेली टोक्याला गोदावरीला मिळते. आई देवळात वाकली ती उठायलाच तयार नव्हती.

दुपारी जेवायला एका महादेव कोळी कुटुंबाकडे थांबलो. तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा, वर काळभाताचा भात. दादांनी मावशींना विचारलं, उन्हाळ्यात काय पिकवता? त्या म्हणाल्या, "काय पिकवायचं भाऊ? भात निघाला का माणसं कामाला खाली जात्यात. पाणी तुमच्याकडं जातं." बोलण्यात राग नव्हता. पण दादांचा हात ताटात थांबला. या भागात एखाद्या वर्षी पाच हजार मिलीमीटरच्याही वर पाऊस पडतो, आमच्याकडे पाचशे पडला तरी आम्ही खूश. आणि बागायतदार आम्ही! त्यांच्या वाडवडिलांची खाचरं पाण्याखाली आहेत, हे आम्ही आवर्तनाची वाट बघताना कधी मनात आणलं होतं?

म्हणून लाभक्षेत्रातल्या माझ्या माणसांना सांगतो, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, सगळ्यांना. एकदा घरच्यांना घेऊन इथे या. गावातल्या घरात राहा, तिथेच जेवा, तांदूळ तिथूनच विकत घ्या आणि घासाघीस करू नका. गाडीतली गाणी बंद ठेवा, बाटल्या परत न्या. हे आपल्याच पिण्याचं पाणी आहे.

संध्याकाळी घाटघरच्या कोकणकड्यावर वारा इतका होता की दादांची टोपी धाकटीने धरून ठेवली. खाली कोकण अंधारत चाललं होतं. परत येताना गाडीत सगळे गप्प, मांडीवर दहा किलो काळभाताची पिशवी.

यंदा जूनमध्ये दादांनी धरणाचा आकडा विचारायच्या आधी रतनवाडीला फोन लावला. "मावशी, पाऊस बरा हाय ना? भाताची आवणी लागली का?"