चार कामं आणि एक रट्टा

आज सकाळी सोसायटीच्या लिफ्टमध्ये एका बापाने दुसरीतल्या पोराच्या पाठीत रट्टा घातला. "चार कामं सांगितली, एक तरी लक्षात राहतं का? ढ कुठला!" पोरगं बुटांकडे बघत उभं. मी तोंड शिवून गप्प बसले, म्हणून आता इथे बडबडतेय.

मला सदाशिव पेठेतला आमचा वाडा आठवला. मी सात वर्षांची. आईने वाण्याकडे पाठवलं. "रवा-जिरं-हिंग-काडेपेटी" असं घोकत निघाले. दिंडीदरवाजात ठमी म्हणाली, "सागरगोटे खेळतेस?" मी "आले गं" म्हटलं आणि गेलं सगळं! घरी आला फक्त रवा. काकांनी नाव ठेवलं 'अर्धवट'. ते माझ्या लग्नापर्यंत टिकलं.

अरे, त्या घोकण्यामागे शास्त्र आहे. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच मांडलं की कामापुरती लक्षात धरलेली माहिती मेंदूत फार थोडा वेळ टिकते. शब्द मनात घोळवत राहावे लागतात, मध्येच दुसरं बोललं की पुसले जातात. म्हणजे माझं जिरं ठमीने नेलं! मोठ्यांनाही एका वेळी चारेक गोष्टीच धरता येतात, असं कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये म्हटलं. मग सात वर्षांच्या पोराची काय कथा? वर ओरडलात की त्या इवल्याशा जागेत भीतीच ठाण मांडून बसते.

आणि दहावीतल्या पोरांना "घोड्या, एवढंही कळत नाही?" म्हणणाऱ्यांनो, कपाळामागचा जो भाग हे सगळं सांभाळतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. हेच लोक पुन्हा स्मरणशक्तीच्या क्लासला पैसे भरणार. तिथे पोरगं तिथल्याच खेळात तरबेज होतं, डबा विसरायचा तो विसरतंच.

हो, काही पोरं ऐकूनही कानाडोळा करतात. मान्य. माझीही करते.

खरं सांगू? लिफ्टमधल्या बापाला काय बोलायचं! परवा मीच लेकीला एका दमात सांगितलं: डबा धुवायला टाक, बाटली भर, वही काढ, आजीला गोळी दे. तिने गोळी तेवढी दिली. आणि माझ्या तोंडून काकांचाच शब्द निघाला.

ती म्हणाली, "अर्धवट म्हणजे कुठलं अर्धं गं आई?"

मला सांगता आलं नाही. डबा मीच धुवायला टाकला.