थंडी, चोक आणि झाकणभर रॉकेल

नोव्हेंबर सरला की साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘थंडीत गाडी सुरू होत नाही? हे सहा रामबाण उपाय करा.’ उपाय असे: गाडी सुरू झाली की दहा मिनिटं जागेवर रेस करून इंजिन गरम करा. चोक वापरू नका, त्यानं इंजिन बसतं. अ‍ॅक्सिलरेटर पिळत किक मारा. थंडीत पेट्रोल घट्ट होतं, म्हणून टाकीत झाकणभर रॉकेल घाला. ऑइल जाड वापरा. गाडी बंद पडत असेल तर स्लो (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) वाढवून घ्या. आणि सातवा मुद्दा उपाय नसून आरोप आहे: हे सगळं इथेनॉलमुळे होतंय आणि कंपन्या ते लपवतात. खाली हात जोडलेले, ‘जनहितार्थ’.

मी दुचाकींचं गॅरेज चालवतो. खरं तर या मेसेजचा मला फायदाच आहे, कारण तो वाचून केलेले उद्योग निस्तरायला लोक आमच्याकडेच येतात. तरीही लिहितो.

आधी थंडीचंच बोलू. जानेवारीत साताऱ्यात पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात आणि त्याचे फोटो पेपरात येतात. पण याच कंपन्यांच्या, याच मॉडेलच्या गाड्या हिमाचलात आणि काश्मिरात शून्याखाली सुरू होतात. तेव्हा १० अंशांत गाडी अडत असेल तर तिच्यात काहीतरी आधीपासूनच बिघडलेलं आहे. उन्हाळ्यात ते खपून जातं, थंडीत उघडं पडतं. मेसेजमधले बहुतेक उपाय हा बिघाड शोधत नाहीत, झाकतात.

पेट्रोल घट्ट होतं हे तर साफ खोटं. उणे ४० अंशांतही पेट्रोल पातळच राहतं. थंडीत घडतं ते वेगळंच. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. इंजिन गार असलं की वाफ कमी होते आणि बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपात मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या भिंतीला चिकटून बसतं. सिलिंडरमध्ये पोचणारं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, ठिणगी पडूनही गाडी उचलत नाही. आता यावर उपाय म्हणून रॉकेल घालायचं? रॉकेलची वाफ पेट्रोलपेक्षा कितीतरी सावकाश होते. पेटण्याजोगी वाफ पेट्रोल उणे ४० च्या आसपासही देतं, रॉकेलला त्यासाठी ३८ अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे जी अडचण होती तीच आपण हातानं वाढवली. वर इंजिन ठोके मारणार, धूर होणार, प्लगवर काजळी चढणार. बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) गाडी असेल तर सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरही पणाला लागतात, आणि त्यांच्या किमती ऐकून माणूस खुर्चीत बसतो. टाकीत डांबरगोळ्या टाकणारेही याच पंथाचे.

चोकचा मुद्दा जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण इथे लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. वर सांगितलं तसं गार इंजिनला जास्त पेट्रोल लागतं. कार्बच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या गाडीत ते द्यायचं काम चोकचं. काही कार्बमध्ये चोक हवेची वाट अडवतो, काहींत जादा पेट्रोलची वेगळी वाट उघडतो. दोन्हींना इंजिनची ओढ, म्हणजे हवा आत खेचायचा जोर लागतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की ती ओढ तुटते. म्हणजे मेसेजमधल्या पद्धतीनं चोकही नाही आणि ओढही नाही. उरतो तो फक्त पिंडरीचा व्यायाम.

पद्धत साधी आहे. पेट्रोल कॉक चालू आहे ना बघा. चोक पूर्ण ओढा, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका, चावी बंद ठेवूनच दोन-तीन किक सावकाश दाबा, मग चावी चालू करून एक सणसणीत. गाडी लागली की अर्ध्या-एक मिनिटात चोक निम्मा करा, निघा, आणि गावातल्या पोवई नाक्याला पोचेपर्यंत तो पूर्ण बंद झालेला असला पाहिजे. इंजिन बसतं ते चोक वापरल्यानं नव्हे, बंद करायला विसरल्यानं. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात, अ‍ॅव्हरेज पडतं. कासच्या पठारावर गेलात तर आणखी एक: वर हवा विरळ असते, त्यामुळे कार्बचं मिश्रण आपोआपच थोडं जाड होतं. घाटाखाली लागतो तेवढा चोक तिथे ओढलात तर प्लग ओला होईल. पेट्रोलचा उग्र वास आला की समजा ओव्हर झाली, म्हणजे आत पेट्रोल जास्त गेलं. मग चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि किका मारून सिलिंडर कोरडा करा. पिळत किक मारायची वेळ ही एवढीच.

तरीही नाही लागली तर प्लग काढून उजेडात धरा. टोक तांबूस-करडं असेल तर आत जळण ठीक चाललंय. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर धुळीनं गच्च झालाय. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यानं फिरणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, म्हणजे ठिणगी बघा. काळा आणि तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, आणि मग थंडीचं नाव घेण्यात अर्थ नाही.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाडीला चोक नसतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ आल्यापासून दुकानात मिळणाऱ्या जवळपास सगळ्या गाड्या याच. इंजिनचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सेन्सर सांगतो, ईसीयू म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर त्याप्रमाणे इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. तुम्ही फक्त एक करायचं: चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाची बारीक घरघर येते, दोन-तीन सेकंदांत ती थांबते, तोवर सेल्फ दाबू नका. बरेच लोक चावी आणि सेल्फ एकाच झटक्यात उरकतात, पंपाचं प्रेशर भरायच्या आत. आणि मग गाडीला थंडी बाधली म्हणतात.

आता ते दहा मिनिटं जागेवर रेस करणं. ही सवय वडिलांच्या पिढीकडून आली आहे आणि तेव्हा तिला आधार होता. जुन्या बुलेटमध्ये एकेरी ग्रेडचं ऑइल असायचं, थंडीत ते खरंच सुस्त व्हायचं. आजचं ऑइल तसं नाही. किक मारताच त्याच क्षणी ते वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत पोचत नाही हे खरं, थोडा वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळात तुम्ही गळा फाटेस्तोवर रेस करता. झीज व्हायची ती तिथेच होते. जागेवर उभ्या इंजिनवर भार नसतो, म्हणून ते सावकाश तापतं. हलक्या हातानं चालवलं तर लवकर तापतं. अर्धा-एक मिनिट थांबा, पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी पिळू नका, बस्स.

यात एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. पेठांतल्या जुन्या घरांत गाडी बोळात, जिन्याखाली किंवा शटर लावलेल्या गाळ्यात असते. गार इंजिन जाड मिश्रणावर चालतं, कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो, आणि त्या वेळी सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त येतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत तो जीव घेतो. थंडी वाजते म्हणून दार लोटून आत गाडी गरम करत बसू नका. गाडी बाहेर काढा, मग सुरू करा.

जाड ऑइलबद्दल फार लिहायला नको. डब्यावर २० डब्ल्यू ४० किंवा १० डब्ल्यू ३० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीतला, तो जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात लवकर पळतं. म्हणजे थंडीत जाड ऑइल घाला हा सल्ला बरोब्बर उलटा आहे. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला. आपल्याकडच्या थंडीसाठी ग्रेड बदलायची गरज नाही.

स्लो वाढवायचा सल्ला मात्र गॅरेजवालेही देतात, तेव्हा थोडा दोष आमच्याही जातीचा. बहुतेक लहान गाड्यांचा स्लो गरम इंजिनवर १४०० आरपीएमच्या आसपास असावा. मेढ्याकडून पहाटे दूध घालायला येणारे एक काका आहेत. त्यांची गाडी सकाळी अर्धा तास छळायची, एकदा लागली की दिवसभर पळायची. ज्यानं त्यानं स्लोचा स्क्रू आणखी थोडा पिळून दिला होता. शेवटी गाडी आली तेव्हा सिग्नलला उभी असतानाही घुमत होती आणि पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज यायचा. “पोरा, आता तूच बघ, नायतर म्हशीला गाडी शिकवतो,” म्हणाले. टॅपेट कव्हर उघडलं तर टॅपेट आवळलेले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यात फटच नाही. या गाड्यांत ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. फट मोजायच्या फीलर गेजची पट्टी त्यात शिरेचना. फट नसली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. किक मारताना इंजिन हळू फिरतं, त्यामुळे निसटायला भरपूर वेळ मिळतो. एकदा वेगात फिरायला लागलं की तेवढा वेळच राहत नाही. म्हणून सकाळी रडणं आणि दिवसभर पळणं. इंजिन गार असताना टॅपेट सेट केले, पायलट जेट (कार्बमधलं स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक) साफ केला आणि स्लो खाली आणला. नवा पार्ट एकही नाही.

इथेनॉलचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. ब्राझीलमध्ये शुद्ध इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारींना गार सकाळी सुरू करण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यावी लागली होती. पण आपल्याकडे पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे ८० टक्के पेट्रोलच, आणि लवकर उडणारा हलका भाग त्यात शाबूत असतो. त्याच ब्राझीलमध्ये २०१५ पासून साध्या पेट्रोलमध्येच २७ टक्क्यांपर्यंत इथेनॉल होतं, आणि तिथल्या दक्षिण भागात थंडी आपल्यापेक्षा कमी नसते.

खरी अडचण जुन्या कार्बच्या गाडीला येते. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं हवेचे १४.७ भाग लागतात, ई२० ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनची गाडी हे बरंचसं सांभाळून घेते. कार्बचे जेट मात्र जुन्याच हिशोबाचे, म्हणून मिश्रण थोडं पातळ पडतं आणि गार गाडी सिग्नलला मान टाकते. त्यासाठी चोक थोडा जास्त वेळ ठेवा, आणि कार्बचा मिश्रणाचा स्क्रू जाणत्या माणसाकडून सेट करून घ्या. दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, आणि परत काढताना कार्बच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून खालचं पेट्रोल सोडून द्या.

मेसेजच्या सात मुद्द्यांत बॅटरीचं नाव नाही, आणि थंडीत सेल्फच्या गाड्या अडतात त्या सगळ्यात जास्त तिच्यामुळेच. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, त्याच वेळी गार इंजिन फिरवायला करंट जास्त लागतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंपही तिच्यावरच, म्हणून बॅटरी पार उतरली तर धक्का मारूनही गाडी लागत नाही. साध्या मल्टिमीटरवर तपासता येतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी, १२.२ दिसली तर ती निम्मी रिकामी आहे. कुणाला तरी सेल्फ दाबायला सांगा आणि काटा बघा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी चार्जला लावा आणि पुन्हा तपासा. चार्ज करूनही तेच दिसलं तर ती बदला, पण त्याआधी गाडी चालू करून थोडी रेस द्या आणि चार्जिंग साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट येतंय का बघा. येत नसेल तर रेग्युलेटर किंवा कॉइल तपासून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बसेल.