तिरपिट्झच्या धाकाने २४ जहाजं गेली
तुमच्या लेखात दुसऱ्या महायुद्धातल्या जुलै १९४२ च्या रोजच्या नोंदी दिल्यात, पण पीक्यू १७ या दोस्त राष्ट्रांच्या मालवाहू जहाजांच्या काफिल्याचं एका ओळीत आटोपलंत हे मनाला लागलं. आइसलँडहून २७ जूनला ३५ मालवाहू जहाजं रशियाकडे निघाली, त्यातली २४ बुडाली, आणि बुडाली कशामुळे तर ४ जुलैच्या रात्री लंडनहून ब्रिटिश नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल पाउंडने काफिला पांगवायचा हुकूम दिला म्हणून, कारण काय तर जर्मनांची बलाढ्य युद्धनौका तिरपिट्झ येणार अशी धास्ती, जी त्या वेळी नॉर्वेतच नांगर टाकून होती!! रक्षणाला असलेल्या युद्धनौका निघून गेल्या आणि ही बिचारी जहाजं जर्मन पाणबुड्या आणि विमानांच्या तोंडी एकेकटी सापडली. साधारण ४३० रणगाडे, २१० विमानं समुद्रात गेली, आणि दीडशेवर खलाशी.

आयरशायरचं तरी लिहायला हवं होतं हो. काफिल्याच्या रक्षणाला असलेली मासेमारीची ट्रॉलर, तिच्या कॅप्टनने काफिल्यातली तीन जहाजं सोबत घेतली आणि सरळ बर्फात घुसवली, एका जहाजावर पांढरा रंग सापडला तो फासून जहाजं बर्फासारखी केली, डेकवरच्या रणगाड्यांच्या तोफा भरून तयार ठेवल्या, आणि तिन्ही सुखरूप पोचवली. हे त्याला कोणी वरून सांगितलेलं नव्हतं.

आणि एक विनंती, पुढच्या भागात २३ नोव्हेंबर १९४२ ची नोंद सोडू नका. मुंबईहून मोम्बासाला निघालेली प्रवासी बोट एसएस तिलावा जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली. आपल्याकडे फार कमी जणांना माहितीये हे.