मोतीला कोण बघंल?

“स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही आणि कुत्री कसली पाळता!” मुंबईतल्या हिंदमाताच्या पुलाखाली राहणाऱ्या मावशींना हे माझ्या देखत कितीतरी वेळा ऐकून घ्यावं लागलंय. बोलणारी माणसं वाईट नसतात, पण चुकतात. म्हणून आज लिहितेय.

गेल्या जुलैत हिंदमाताला नेहमीसारखं पाणी तुंबलं. मावशी दोन दिवस त्याच पाण्यात होत्या, मग ताप भरला. सरकारी इस्पितळात डॉक्टर म्हणाले, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या घाण पाण्यातून होणारा आजार) शंका आहे, भरती व्हा. मावशींनी केसपेपरची घडी ब्लाउजमध्ये खोचली आणि सरळ उठल्या. “ताई, मोतीला कोण बघंल? माझ्याबिगर तो खात न्हाई.” मोती बाहेर फाटकाशी सुतळीनं बांधलेला, भिजून चिंब, नजर दारावर.

मला तो हट्ट वाटला नाही. मागे एका रात्री कुणीतरी त्यांचं गाठोडं ओढत होतं, तेव्हा मोतीनंच भुंकून रस्ता जागा केला होता. तो जवळ असतो म्हणून त्यांना डोळा लागतो. दाराला कडी लावून झोपणाऱ्या आपल्याला याची किंमत कशी कळणार?

शेवटी मोतीला मी घरी आणलं, मावशी भरती झाल्या. पहिले दोन दिवस त्यानं खरंच तोंड लावलं नाही. मावशींची जुनी साडी खाली अंथरली, तेव्हा कुठे दूधभात चाटला.

२०११च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर माणसं मोजली गेली. लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्येच सांगितलं. निवारे आधीच कमी, त्यात दारावर “कुत्रा चालणार नाही” ऐकलं की मावशी पुन्हा पुलाखाली. एकदा मीच त्यांच्यासोबत अशी परत फिरलेय. निवाऱ्याच्या एका कोपऱ्यात जनावरांना बांधायला जागा आणि पाण्याचं भांडं ठेवायला कितीसा खर्च येतो?

आणि हे फक्त मायेपोटी नाही. लेप्टो उंदरांच्या मुतातून पसरतो तसा कुत्र्यांच्याही, आणि कुत्र्यांसाठी त्याची लस आहे. रेबीजची लस तर दरवर्षी हवीच. मोतीला टोचलं की मावशींचाही धोका कमी, शेजारी झोपणाऱ्या पोरांचाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचं इस्पितळ, पुलापासून चालत जाण्याजोगं आहे. मोतीचा पाय सुजला होता तेव्हा मावशी त्याला साडीच्या झोळीत घालून तिथवर घेऊन गेल्या होत्या, भर उन्हात. लसीचं कार्ड मात्र माझ्या कपाटात असतं, पुलाखाली कागद टिकत नाही.

मावशींच्या तपासण्या अजून चालू आहेत, पुन्हा भरती व्हायला सांगतील. त्या आठवड्यात मी गावी असेन. परळ-दादरकडे कुणाकडे मोतीला ठेवायला जागा असेल तर मला कळवा. त्याची साडी मी सोबत देईन.