सीमाभाग म्हणजे सरहद्द नव्हे

हा मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपांवर आला. दोन भाऊबंदांचे, एक गणपती मंडळाचा, एक शाळासोबत्यांचा. मजकूर थोडक्यात असा: बेळगाव सीमाभाग आहे, त्यामुळे सरहद्दीवरच्या गावांसाठीचा केंद्राचा निधी आणि लष्कराच्या शाळा-दवाखाने महाराष्ट्र ज्यांवर दावा सांगतो त्या आपल्या 865 गावांच्याही हक्काचे, ते सगळं कर्नाटक सरकार गिळतं. तिकडे काश्मिरात मात्र लष्करातल्या आपल्या पोरांना बंदूक ठेवून शाळा चालवायला लावतात, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

आधी निधीचं बघू. सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम 1986-87 साली पश्चिम सरहद्दीवरच्या राज्यांसाठी सुरू झाला आणि पुढे इतर राज्यांत गेला. सीमा म्हणजे तिथे आंतरराष्ट्रीय सीमा, आणि तिच्या अगदी लगतची गावं. कर्नाटकाला परदेशाशी जमिनीवरची हद्दच नाही. 2023 मध्ये मंजूर झालेला व्हायब्रंट व्हिलेज कार्यक्रमही आधी अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड, हिमाचल आणि लडाखसाठी होता. जो पैसा इकडे यायचाच नव्हता, तो गिळणार कसा? आपला 'सीमाभाग' 1956 च्या राज्य पुनर्रचनेतून आलेला; त्याचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो दोन राज्यांमधला. 865 गावांना फुले जनआरोग्य योजना लागू करण्यावरून 2023 मध्ये गदारोळ झाला, तोही महाराष्ट्राच्या तिजोरीतल्या पैशांवरून. सरकारवर चिडायला आपल्याकडे खरी कारणं कमी आहेत का? मराठीतून कागद मागून मागून चपला झिजल्या. खोटं कारण उसनं कशाला आणायचं?

लष्कर इथे लोकांसाठी काहीच करत नाही, असाही एक सूर त्यात आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात बेळगावातल्या मराठा सेंटरचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राचे जवान बोटी घेऊन उतरले होते. त्याला कुठला सीमानिधी लागला नव्हता.

आता शाळा चालवण्याचं. काश्मिरातली ऑपरेशन सद्भावना, म्हणजे तिथल्या लोकांसाठी शाळा-दवाखाने चालवण्याची लष्कराची मोहीम, 1998 ची. त्यातल्या आर्मी गुडविल स्कूलमध्ये जवान खडू घेऊन फळ्यापुढे उभा नसतो, शिकवणारे बहुतेक तिथलेच मास्तर-बाई असतात. हे मी आमच्या गल्लीतल्या काकांकडून पक्कं करून घेतलं. मराठा लाइट इन्फंट्रीचे, मधे आर.आर.ला (राष्ट्रीय रायफल्स, दहशतवाद्यांशी लढणारं लष्कराचं दल) काश्मिरात कुपवाड्यात होते, सुभेदार होऊन पेन्शनीत आले. मिलिटरी महादेवाच्या देवळाबाहेर चहा पिताना त्यांना मेसेज वाचून दाखवला. ते म्हणाले, "लिहिणारा कुठल्या पलटणीत होता म्हणे?"

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात गस्त गावात शिरली की सगळी कुत्री एकदम उठायची. दारं बंद, खिडकीमागे दिवा विझायचा. आम्ही आलोय हे पलीकडच्या डोंगरापर्यंत कळायचं. महिन्यातून एकदा ते नर्सिंग असिस्टंटला घेऊन एका अंगणात बसायचे. एक पोरगं आलं, कांगडी (ऊब घ्यायची निखाऱ्यांची शेगडी) उलटून हात भाजलेला. तीन वेळा ड्रेसिंग केलं. त्याच्या आजीने शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. "पण पुढच्या महिन्यात गस्तीला गेलो, तर म्हातारीनं कुत्र्याला दगड मारून गप्प केलं बघ. इतकंच. ह्याला वेळ फुकट घालवणं म्हणायचं असेल तर म्हण की."

राहिला उपयोगाचा मुद्दा. 1965 मध्ये गुलमर्गकडच्या पाकिस्तानी घुसखोरांची खबर देणारा मोहम्मद दीन गुज्जर, म्हणजे डोंगरात गुरं राखणाऱ्या समाजातला होता. 1999 मध्ये कारगिलजवळ बटालिकच्या डोंगरावर हरवलेला याक शोधताना परके लोक पाहून लष्कराला कळवणारा ताशी नामग्याल मेंढपाळ. दोघांच्याही गावात तेव्हा लष्कराने शाळा काढली म्हणून ते बोलले, असं मी म्हणणार नाही; तसं म्हटलं तर मेसेजवाल्यात आणि माझ्यात फरक काय? पण डोंगरातली बातमी डोंगरात राहणाऱ्यालाच आधी लागते, आणि तो ती कुणाला सांगेल हे त्याच्या मनावर असतं.

टीका करायलाही जागा आहेच. काकांनीच सांगितलं, एकदा ब्लँकेट वाटताना फोटो नीट येईना म्हणून एका आजोबांना तीनदा उभं केलं. तिसऱ्या वेळी ते ब्लँकेट तिथेच ठेवून घरी गेले. हे मेसेजात असतं, तर मीही पुढे पाठवला असता.