डोंगा हिवाळ्यात काढायचा नसतो

दिवाळी सरली की मच्छीमारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘हिवाळा आला, नाव वाचवा.’ थोडक्यात सांगणं असं: थंडीआधी नाव बाहेर काढून खडखडीत वाळवा, इंजिनात पाणी गोठू न देणारं अँटीफ्रीझ घाला, टाकी काठोकाठ भरा, लाकडाला जळकं ऑइल फासा, प्लास्टिकने घट्ट गुंडाळा, बॅटरी घरात न्या. जिथे तळी गोठतात त्या मुलखात यातलं बरंचसं बरोबर असेल. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर हे पाळलं तर नावही जाईल आणि मोसमही.

आधी मोसमाचं बोलू. तलावाचं पाणी धानाला सुटतं, पातळी उतरते आणि रोहू, कतला, मृगळ जाळ्यात यायला लागतात. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच तर मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर बांधवांच्या हाताला काम असतं. ऐन तेव्हा डोंगा, म्हणजे आपली लाकडी नाव, तलावाच्या पाळीवर (बांधावर) चढवून ठेवायचा, तर घर कशावर चालवायचं? आपल्याकडे नाव रिकामी बसते ती वैशाख-ज्येष्ठात, तलाव आटल्यावर. साठवणीची तयारी करायची ती उन्हाळ्यासाठी.

‘अँटीफ्रीझ घाला.’ पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवतं, म्हणून थंड देशांत ही काळजी घेतात. नागपूरचा पारा 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. गारठा जीवघेणाच, पण पाणी गोठायला शून्य लागतं. शिवाय आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावलेलं, इंजिन उभं ठेवलं की आतलं पाणी आपसूक निथळतं. गाडीच्या दुकानात मिळणारं अँटीफ्रीझ बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं असतं. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडं निकामी करणारं. पाळीवर सांडलेलं कुत्र्याने चाटलं तर ते वाचणं कठीण.

‘खडखडीत वाळवा’ हा सल्ला सगळ्यात घातक. फळ्यांचा डोंगा पाणी पिऊन फुगतो, तेव्हाच त्याचे सांधे मिटतात. पारा 45च्या पुढे गेला की उघड्यावरच्या फळ्या आकसतात, इतक्या की सांध्यातून पलीकडचा उजेड दिसतो. म्हणूनच लाकडी नाव दगड भरून पाण्यात बुडवून ठेवायची रीत आपल्या देशात जुनी आहे. त्यामागे पक्कं कारण आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, त्याची भीती आपल्या गोड्या तलावात नाही. तेव्हा बोडीत (लहान तळ्यात) कमरेएवढं पाणी टिकणार असेल तर डोंगा तिथेच बुडवा.

पाणी उरतच नसेल तर दाट सावलीत, विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच, पालथा ठेवा. काठ मातीला टेकला की वाळवी चढलीच. पावसाळ्यात परत काढताना उघडलेल्या सांध्यांत घाईने एम-सील किंवा सिमेंट कोंबू नका. फळ्या फुगल्या की त्या कडक भरावाला जागा उरत नाही, मग खिळे उपटतात नाहीतर आतली आडवी लाकडं फुटतात. डोंगा दोन-तीन दिवस उथळ पाण्यात भिजू द्या. तरीही झिरपेल तेवढ्याच जागी काथ्या ठोका.

‘जळकं ऑइल फासा.’ ते फुकट मिळतं म्हणून मोह होतो, हे समजतं. पण ते कधी वाळत नाही. नाव पाण्यात गेली की त्याचा तवंग सुटतो, त्यात इंजिन झिजून आलेले धातू असतात आणि माशाला वास लागतो तो वेगळाच. ज्या पाण्यावर पोट आहे त्यातच विष कालवायचं? जवस तर विदर्भात पिकतो. त्याचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कोरड्या लाकडावर पातळ हात द्या, चार दिवस वाळू द्या, पुन्हा द्या. मात्र तेल पुसलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा सुट्या पसरून वाळवा.

टाकी भरून ठेवणं डिझेलला चालतं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं आणि पाण्यासकट तळाशी बसतं. म्हणून पेट्रोल काढून घ्या आणि कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

प्लास्टिकच्या घट्ट गुंडाळीत ओल कोंडते आणि लाकूड कुजतं. वरून सैल ताडपत्री बांधा, बाजू मोकळ्या ठेवा. उचलताना काठीने आधी ठोका, पालथ्या नावेखाली घोणस बसलेली असू शकते.

राहिली बॅटरी. ती घरात न्या हे बरोबर, पण थंडीमुळे नाही. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की तिचं आपोआप उतरणं साधारण दुप्पट होतं, आणि उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटा खराब होतात. घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा, पाणी प्लेटांच्या खाली गेलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको.