‘स्पष्टवक्ता’ यांस, जरा सविस्तर

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा जे लिहिलं असतं ते इथे ठेवण्यासारखं झालं नसतं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांत (म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक कॉलेजांत) प्रवेश घेताना ॲक्युप्लेसर नावाची परीक्षा देतात, आणि तिच्या निकालावर कुठल्या वर्गात बसायचं ते ठरतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तिच्यातल्या व्याकरणाची तयारी कशी करावी, यावर मी लिहिलं होतं. त्यावर या गृहस्थांचं (गृहस्थच असावेत, सूर तसा आहे) म्हणणं असं: परीक्षेचं स्वरूप बदललंय आणि माझी माहिती जुनी आहे. कित्येक कॉलेजं आता शाळेतल्या गुणांवरच वर्ग ठरवतात. घोकंपट्टी करून गुण वाढवले तर माणूस न झेपणाऱ्या वर्गात जाऊन पडतो. आणि शेवटी, ‘मराठीतून विचार करणाऱ्यांना इंग्रजी व्याकरण कधीच येत नाही, त्यांनी निदान दुसऱ्यांना शिकवू नये.’

आधी चूक कबूल करते. गुण २० ते १२० मध्ये मिळतात असं मी लिहिलं होतं. ती जुन्या परीक्षेची पट्टी, आता २०० ते ३०० असते. लेखात दुरुस्त केलंय, आभारी आहे. एवढं सांगायला ‘अर्धवट माहितीचा बाजार’ हे शब्द लागत नव्हते.

आता ते शेवटचं वाक्य.

मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. एबीसीडीची ओळख पाचवीत. २००९ मध्ये नवऱ्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर न्यू जर्सीला आले. नोकरीची परवानगी नव्हती, शिकायला मुभा होती, म्हणून जवळच्या कॉलेजात गेले. काउंटरवरच्या बाईंनी थेट कॉम्प्युटरसमोर बसवलं. वाक्यं दुरुस्त करायचे २० प्रश्न. या परीक्षेला घड्याळ नसतं, एकेका प्रश्नाला हवा तितका वेळ घेता येतो, हे मला कुणी सांगितलं नाही. मी बोर्डाच्या पेपरासारखे भराभर उडवले. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, हे तिसऱ्या प्रश्नाला कळलं. प्रिंटरमधून निकालाचा कागद आला आणि बी.कॉम. झालेली मी पायाभूत लेखनाच्या वर्गात जाऊन पडले. त्या वर्गाचे क्रेडिट पदवीला धरत नाहीत, फी मात्र पुरती घेतात. तो कागद मी नवऱ्याला दोन दिवस दाखवला नव्हता. तेव्हा मी कुणाला काय सांगावं आणि काय सांगू नये, हे ठरवण्याआधी एवढं तरी माहीत असू द्या.

त्या वर्गात बाई माझ्या निबंधातल्या स्वल्पविरामांना लाल गोल करायच्या. एक वाक्य अजून आठवतं: ‘द बस डिड नॉट कम, आय वॉक्ड होम.’ मराठीत म्हणून बघा: बस आली नाही, चालत घरी गेले. काही चुकलं का? उलट सुटसुटीत वाक्य आहे. इंग्रजीत मात्र दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली चालत नाहीत. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामानंतर ‘सो’ घाला. परीक्षेत हे हमखास येतं. म्हणजे इथे मराठीने माझा घात केला, हे मी लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलं असतंत तर दिसलं असतं.

पण आता दुसरी बाजू बघा. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’च्या पुढे ‘इज’ की ‘आर’? मँगोज कानाशी वाजत असतात, त्यामुळे बोट ‘आर’कडे जातं. इथे जन्मलेली, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न येणारी मुलंही माझ्या शेजारी बसून हे चुकत होती. आता म्हणा, आंब्यांची पेटी. यापुढे ‘आहेत’ म्हणणारा माणूस मला दाखवा. ‘आंब्यांची’ म्हटलं की आंबे बाजूला झाले, क्रियापद पेटीचं. ‘वन ऑफ माय ब्रदर्स’चंही तेच, भावांपैकी एक येतो, ‘येतात’ नाही. (आदरार्थी म्हणाल तर म्हणा, वाद घालायचाच असेल तर.) असल्या प्रश्नात मी आजही मनात मराठी करून बघते आणि फसत नाही. आमच्या सोसायटीतल्या ज्या चारजणींची तयारी मी जेवणाच्या टेबलावर करून घेतली, त्यांनाही हेच सांगितलं. चौघीही मराठीतूनच विचार करतात, आणि चौघींना पायाभूत वर्ग करावा लागला नाही.

बाकीचे मुद्दे. परीक्षेऐवजी शाळेतले गुण बघण्याचा कायदा कॅलिफोर्नियाचा, २०१७ चा एबी ७०५. मला ठाऊक आहे. मी न्यू जर्सीत राहते. नव्या परीक्षेत सुट्या वाक्यांऐवजी उतारे येतात, २५ प्रश्न, मान्य. उताऱ्यातला स्वल्पविरामही स्वल्पविरामच असतो. न झेपणाऱ्या वर्गाचं म्हणाल तर ते ज्याचं त्याने बघावं, त्याची काळजी तुम्ही का वाहता?

एका गोष्टीबद्दल गप्प बसायचं ठरवलं होतं, पण ‘शिकवू नये’ पुन्हा वाचलं आणि राहवलं नाही. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही इंग्रजीत स्वतःचा अधिकार सांगितलाय: ‘आय ॲम लिव्हिंग इन यूएस सिन्स ट्वेंटी इयर्स.’ ‘वीस वर्षांपासून राहतोय’ याचं हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर आहे. ‘पासून’ म्हणून ‘सिन्स’, ‘राहतोय’ म्हणून ‘ॲम लिव्हिंग’. तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं आणि ‘फॉर’ हवं. यूएसच्या आधीचं ‘द’ही कुठे दिसत नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवून टाक, असं दोघी मैत्रिणींनी कळवलंय. उडवणार नाही. आहे तशी राहू दे, त्या वाक्यासकट.